राखून ठेवलेला वाटा

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय १५. सोबत वाचावे : प्रेषितांची कृत्ये ५:१-११ आणि फिलिप्पैकरांस पत्र २:५-८.



गोदातीरावरील पैठण नगर आपल्या मुलखात कोणास ठाऊक नाही? सोळाव्या शतकात तेथे एकनाथ नावाचे थोर संत होऊन गेले. त्यांच्या दयेच्या व समतेच्या गोष्टी लोक आजही सांगतात. परंतु आज आम्ही त्यांच्या एका कमी बोलल्या जाणाऱ्या कामाची आठवण करून देणार आहो. ज्ञानेश्वरी हा ग्रंथ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे रचला गेला. त्या काळी छापखाने नव्हते. ज्याला ग्रंथ हवा त्याने तो हाताने उतरून घ्यावा, त्या प्रतीवरून दुसऱ्याने उतरावा, असे सुमारे तीनशे वर्षे चालले. तेवढ्या काळात मूळ पाठात पुष्कळ फरक पडले. कोठे शब्द गळाला, कोठे लिहिणाऱ्याने आपल्या पदरची ओवी घातली. एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीदही त्यांनी शेवटी लिहून ठेविली.

तो ग्रंथ आपले शास्त्र नव्हे. तथापि त्या लेखकांच्या वर्तनात आपणांस एक धडा आहे. त्यांच्यापैकी कोणी ग्रंथ फाडला नाही की जाळला नाही. उलट ते त्यास वंदन करीत, रेशमी बासनात गुंडाळून ठेवीत, आणि हजारो ओळी जशाच्या तशा उतरून घेत. परंतु जेथे एखादी ओळ त्यांस रुचली नाही, अथवा आपले काही त्यात असावे असे वाटले, तेथे त्यांनी लेखणी आपल्या मर्जीने चालविली. त्या एका ओळीपुरते ते लेखक न राहता ग्रंथाचे धनी झाले.

देवाच्या आज्ञांच्या बाबतीत आपणही असेच करितो, आणि तोच आजच्या पाठाचा विषय आहे. देवाची आज्ञा सरळ झुगारून देणारे आपल्या मंडळ्यांत थोडे आहेत. ती बरीचशी पाळून एखादा वाटा आपल्यासाठी राखून ठेवणारे मात्र पुष्कळ आहेत. आणि आमचे म्हणणे असे आहे की, आपण किती दिले यावरून आज्ञापालन मोजता येत नाही. काय राखून ठेविले, यावरूनच ते कळते; कारण धनी कोण याचा निकाल त्या राखलेल्या वाट्यावरच होत असतो.

शौलाची तीन चिन्हे

शौल राजास परमेश्वराने अमालेकी लोकांविरुद्ध पाठविले व त्यांचे काही एक राखू नको, असे सांगितले. त्या जुन्या काळच्या न्यायाचा मुद्दा आज आपल्यापुढे नाही, आणि कोणाही मनुष्याविरुद्ध शस्त्र उचलण्यास आपल्या प्रभूने आपणांस सांगितलेले नाही. आपण येथे एवढेच पाहावयाचे की, ज्यास स्पष्ट आज्ञा मिळाली त्याने तिचे काय केले.

शौल गेला, लढला आणि जिंकला. म्हणजे आज्ञेचा मोठा भाग त्याने पाळला. परंतु राजा अगाग यास व उत्तम उत्तम मेंढरे, गुरे व कोकरे त्याने वाचविली, आणि जे टाकाऊ व कुचकामाचे होते त्याचाच नाश केला (वचन ९). हे अर्धवट आज्ञापालनाचे पहिले चिन्ह. जे आपणांस नकोच होते ते देवास देणे आणि जे जिवापाड आवडते ते झाकून ठेवणे, असे त्याचे स्वरूप असते. ज्याला दारूची चटक कधी नव्हतीच, तो दारू सोडल्याची साक्ष देतो. परंतु पैशाविषयी त्याला विचारा, म्हणजे तो विषय बदलतो.

शमुवेल भेटावयास आला तेव्हा शौल आपण होऊन म्हणाला की, परमेश्वराची आज्ञा मी पुरी केली आहे. तोच मागून मेंढरांचे बेंबें ऐकू येऊ लागले! शमुवेलाने विचारले, तेव्हा शौलाने उत्तर दिले की, ती परमेश्वरास यज्ञ करण्यासाठी राखली आहेत (वचन १५). हे दुसरे चिन्ह. राखलेल्या वाट्यास आपण भक्तीचे नाव देतो. त्याच वेळी शमुवेलाने ते सुप्रसिद्ध उत्तर दिले, ज्याचा भावार्थ असा की, होमबलीपेक्षा देवाचे ऐकणे त्यास अधिक प्रिय आहे.

तिसरे चिन्ह असे की, शौलाने दोष लोकांवर घातला. प्रथम तो म्हणाला, लोकांनी राखले. पुढे त्याने कबूल केले की, मला लोकांचे भय वाटले (वचन २४). आणि अखेरीस, सर्व उघड झाल्यावरही, वडील मंडळींदेखत माझा मान राख, अशी विनंती त्याने शमुवेलास केली (वचन ३०). देवापुढे आपण उघडे पडलो, याचे दुःख त्यास कमी होते. लोकांत उघडे पडू, याचे भय अधिक होते.

मुंबईतील एक सभा

हे शौलाच्या काळीच घडले असे नाही. आपल्या महाराष्ट्रात घडलेली एक गोष्ट सांगतो. इ. स. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा नावाची एक मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान तिच्या मुळाशी होते. देव एक आहे, मूर्तिपूजा खोटी आहे आणि जातिभेद मनुष्याने केलेला आहे, अशी त्या लोकांची खात्री झाली होती. ही खात्री तोंडची नव्हती. सभासद एकत्र बसून जेवीत, आणि ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खात. त्या काळी ही लहानसहान गोष्ट नव्हती.

परंतु हे सर्व दार लावून चाले. सभा गुप्त होती. आत जातिभेद मोडणारा गृहस्थ बाहेर येऊन पुन्हा आपल्या जातीच्या पंक्तीस बसे. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे बाहेर फुटली, सभासदांची नावे लोकांस कळतील असे भय उत्पन्न झाले, आणि सभा मोडून गेली. त्या पुरुषांची आम्ही निंदा करीत नाही. त्यांच्यापैकी काहींनी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या स्थापनेत भाग घेतला व उघडपणे चांगले काम केले. परंतु सत्य मानूनही लोकांपुढील मान राखून ठेवावा, हा बेत दहाबारा वर्षांहून अधिक टिकला नाही.

त्याच सभेत बेळगावचा एक तरुण होता, त्याचे नाव बाबा पदमनजी. ख्रिस्ताविषयी त्याची खात्री बाप्तिस्म्याच्या पुष्कळ आधी झाली होती; तरी आईबापांचे दुःख व जातीचा त्याग यांच्या विचाराने तो अडून राहिला. ती सर्व ओढाताण त्यांनी पुढे ‘अरुणोदय’ या आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली आहे. शेवटी १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी विधवांच्या दुःखाविषयी ‘यमुनापर्यटन’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जोपर्यंत एक वाटा राखलेला होता, तोपर्यंत त्यांची सारी शक्ती तो झाकण्यात जात होती. तो दिल्यावर तीच शक्ती दुसऱ्यांच्या उपयोगी पडली.

आपल्या गावातील मेंढरे

आता आपण आपल्या गावांकडे वळू. मेंढरांचे बेंबें आपल्याही अंगणात ऐकू येते काय, हे पाहू.

दोघे सख्खे भाऊ एकाच देवळात उपासनेस बसतात. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. दर नांगरटीस एक जण तो बांध वीतभर कोरतो. कापणीच्या सणास तोच भाऊ बाजरीची पायली भरून आणितो व वेदीपुढे ठेवितो. त्या पायलीत कोरलेल्या बांधाचीही बाजरी आहे. प्रभूने तर सांगून ठेविले आहे की, अर्पण तेथेच राहू द्यावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा (मत्तय ५:२३-२४). आपण मात्र अर्पण आणितो आणि बांध राखून ठेवितो.

दसरादिवाळीनंतर आपल्यापैकी कित्येक ऊसतोडीस जातात. एका मुकादमाची उचल घेऊन दुसऱ्याचीही घेणे, आणि मग पहिल्यास तोंड चुकविणे, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. दारिद्र्य किती कठीण आहे हे आम्ही जाणतो, आणि मुकादमही कित्येकदा हिशेबात मजुराची मान कापतो हेही जाणतो. तरी दिलेला शब्द हा देवापुढे दिलेला शब्द आहे. आणि जो ख्रिस्ती मुकादम असेल, त्याचा हिशेबही देव पाहत आहे.

प्रभुभोजनाचा प्याला आपण सर्व एकच घेतो. परंतु सोयरिकीची गोष्ट निघाली की, तो कोणाच्या वस्तीतला, त्याचे पूर्वज कोण, ही चौकशी सुरू होते. एकाच ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतलेली दोन कुटुंबे शंभर वर्षे एका देवळात बसतात आणि एकमेकांत मुलगी देत नाहीत. कारण विचारावे तर उत्तर मिळते की, आमचे काही नाही, पण भावकी काय म्हणेल? हे शौलाचेच उत्तर आहे. ज्या जातिभेदाने आपल्या वाडवडिलांस गावाबाहेर ठेविले, त्याचे उत्तम कोकरू आपणच आपल्या घरात पोसून ठेविले आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. दि. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती अद्याप घेतलेले नाहीत. म्हणून कित्येक घरांत मंडळीच्या नोंदवहीत एक धर्म आणि सरकारी कागदावर दुसरा, अशी स्थिती आहे. ख्रिस्ती झाल्याने कोणाची गरिबी अथवा लोकांकडून होणारी अवहेलना नाहीशी होत नाही, तेव्हा हा नियम आम्हांस अन्यायाचा वाटतो. आणि त्याविरुद्ध न्यायालयात उघडपणे दाद मागितली गेली आहे, हे योग्यच झाले. ज्या बापाने मुलाच्या शिक्षणासाठी तसा कागद केला त्याच्यावर दगड उचलण्यास आमचा हात धजत नाही. परंतु त्यास आम्ही एवढे सांगू की, बंधो, तुझ्या जिवास हे बोचते ना? मग त्यास भक्तीचे किंवा चातुर्याचे नाव देऊ नकोस. देवापुढे त्यास त्याच्याच नावाने हाक मार. आणि मंडळीस आम्ही याहून कठोर शब्द सांगू. जो मनुष्य खरे लिहून सवलत गमावितो, त्याच्या मुलाची फी कोण भरतो? त्याच्या मुलीच्या वसतिगृहाची सोय कोण पाहतो? आपण सुस्थितीतल्यांनी आपली पेटी बंद ठेवावी आणि गरिबाने एकट्याने खरे बोलण्याची किंमत द्यावी, हेही अर्धवट आज्ञापालनच होय. एकमेकांची ओझी वाहावी, ही आज्ञा कोणाच्याही इच्छेवर सोडलेली नाही (गलती ६:२).

उपदेशक बंधूंनो, आपणही यातून सुटत नाही. ज्या पापाविषयी बोलल्याने पंच रागावतील, तो शास्त्रभाग आपण किती वर्षांत वाचला नाही, याचा विचार करा. आणि हे लिहिताना आमचे बोट प्रथम आमच्याकडेच वळते. मंडळीतील जातिभेदाविषयी लिहिले तर वर्गणीदार दुखावतील, म्हणून आम्हीही हा विषय एकाहून अधिक वेळा मागे ठेविला आहे. तो आमचा राखलेला वाटा होता.

दुर्बलता व लबाडी

येथे एखादे कोमल अंतःकरण भिऊन म्हणेल, मी तर रोज चुकतो, मग माझे कसे होईल? त्यास उत्तर असे की, पडणे व राखून ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेत्र पडला. त्याने प्रभूस तीन वेळा नाकारले. परंतु कोंबडा आरवताच तो बाहेर जाऊन फार रडला. त्याच्याजवळ लपविलेले काही उरले नाही. हनन्या व सप्पीरा यांचे तसे नव्हते. त्यांनी जमीन विकली, घरात बसून पैसे मोजले, काही भाग बाजूस ठेविला आणि उरलेला पूर्ण म्हणून प्रेषितांच्या पायांशी आणून ठेविला. पेत्राने त्यांस स्पष्ट सांगितले की, पैसे त्यांचेच होते, देण्याची सक्ती नव्हती. थोडे दिले हा त्यांचा अपराध नव्हता. थोड्यास सर्व म्हटले, हा होता.

तसेच हळू चालणे आणि मुद्दाम थांबणे यांतही अंतर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस ते सहन झाले नाही. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी आपले सोवळे व वेगळे खाणेपिणे त्यांनी सोडले नाही, आणि मनात नसताना ख्रिस्ती झाल्याचे ढोंगही केले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही हे जेव्हा त्यांस स्वतः पटले, तेव्हा त्यांनी तो टाकिला. आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हा सर्व वृत्तांत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात आहे. देव त्यांच्या धिम्या पावलांवर रागावला नाही. जे पाऊल दिसले ते त्यांनी टाकिले. आपण मात्र दिसलेले पाऊल वर्षानुवर्षे टाकीत नाही आणि त्यास धीमेपणा म्हणतो.

ज्याने काही राखले नाही

हा पाठ येथेच संपला असता तर तो आपणांस केवळ जड ओझे झाला असता. कारण पूर्ण आज्ञापालन आपल्यापैकी कोणाच्याही हातून झालेले नाही. परंतु एक असा आहे की ज्याने काहीच राखून ठेविले नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने, हा प्याला टळावा अशी आपली इच्छा पित्यापुढे मोकळेपणाने मांडली, आणि मग ती इच्छाच त्याच्या स्वाधीन केली. तो मरणापर्यंत, वधस्तंभावरील मरणापर्यंत, आज्ञाधारक राहिला. त्या एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतात (रोमकरांस पत्र ५:१९). आपले तारण आपल्या आज्ञापालनाच्या वजनावर तोलले जात नाही, ही आपली मोठी आशा होय.

परंतु याच कारणास्तव राखलेला वाटा आता देता येतो. जो न्यायाला भितो तो लपवितो. ज्यास क्षमा ठाऊक आहे तो उघड करू शकतो. जक्कय झाडावरून खाली उतरला तेव्हा प्रभूने त्यास हिशेब विचारला नव्हता. प्रभू घरी येतो एवढे कळल्यावर त्याने आपणच तोंड उघडले, आणि अर्धे धन गरिबांस, व ज्यास फसविले त्यास चौपट, असा आकडाच सांगितला. पश्चात्ताप खरा असला म्हणजे तो आकडा बोलतो. बांध किती हात कोरला, उचल किती घेतली, कोणत्या घरी सोयरिकीस नाही म्हटले, हे तो नावानिशी सांगतो.

म्हणून या आठवड्यात आपण मोठे नवस करू नयेत. आपल्या राखलेल्या वाट्यांपैकी एकच, जो मनास अधिक टोचतो तो, देवापुढे त्याच्या नावाने मांडावा. आणि पुढील रविवारच्या आत त्याविषयी एक तरी कृती करावी. दोरी घेऊन भावासह बांधावर जावे, किंवा मुकादमाकडे जाऊन हप्ता ठरवावा, किंवा मंडळीच्या पंचांनी बसून एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा.

ज्या पैठणात एकनाथांनी पाठ शुद्ध केला, त्याच गावाच्या नावाने पैठणी वस्त्र प्रसिद्ध आहे. हातमागावरच्या अस्सल पैठणीची परीक्षा कशी करतात, हे आपल्या बायका जाणतात. त्या पदर उलटून पाहतात. सुलट बाजूस जी वेलबुट्टी व जो मोर असतो, तोच उलट बाजूसही तसाच उमटलेला असतो. नकली वस्त्राची सुलट बाजू झगझगीत असते, पण उलट बाजूस सुटे दोरे लोंबत असतात. रविवारी देवळात आपली सुलट बाजू सर्वांस दिसते. आपला प्रभू पदर उलटून पाहणारा आहे. आणि लोंबणारे दोरे पाहून वस्त्र टाकून न देता ते पुन्हा मागावर घेणाराही तोच आहे. त्याच्या हाती आपण आपणांस संपूर्ण द्यावे. आमेन.

उपदेशकांसाठी सूचना व प्रश्न

पाठाच्या आरंभी १ शमुवेल १५ ची वचने १ ते ३१ मोठ्याने वाचून घ्यावी, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस गोष्ट आपल्या शब्दांत सांगावयास लावावी. मग पुढील प्रश्न विचारावे.

१. शौलाने काय नाहीसे केले व काय राखले? दोहोंत फरक कोणता होता?

२. राखलेल्या मेंढरांविषयी त्याने कोणती दोन कारणे सांगितली? तशी कारणे आपल्या गावात कोणत्या शब्दांत ऐकू येतात?

३. पेत्राचे पडणे आणि हनन्याचे राखून ठेवणे यांत काय अंतर आहे?

४. खरे बोलल्यामुळे ज्याचे नुकसान होते, त्याच्यासाठी आपली मंडळी या वर्षी काय करू शकेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नुसते ऐकून सोडू नये. ते मंडळीच्या वहीत लिहून ठेवावे, आणि पुढील महिन्यात ती वही पुन्हा उघडून पाहावी.